स्क्रीनशॉट कसा काढावा आणि काढलेला स्क्रीनशॉट जातो कुठे : संगणकावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी तासभर प्रौढांना संगणक शिकवतो. तिथे येणाऱ्या एका ताईंनी मुलाच्या प्रवेशअर्जाचे शुल्क घरच्या संगणकावरून भरले. ‘शुल्क मिळाले’ असे लिहिलेले पान पडद्यावर आले, तेव्हा शेजारच्या मुलाने सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी प्रिंट स्क्रीनची कळ दाबली. पडद्यावर कसलीही हालचाल दिसली नाही, म्हणून ती त्यांनी पाच-सहा वेळा दाबली आणि शेवटी काम झाले असेल असे समजून संगणक बंद केला. आठ दिवसांनी पावतीची विचारणा झाली, तेव्हा त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते. त्या ताईंनी हलगर्जीपणा केला, असे मी मुळीच म्हणणार नाही. चित्र निघाले होते, पण ते साठवले गेले नव्हते, आणि चित्र निघणे व चित्र साठवले जाणे ही दोन वेगळी कामे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हा लेख मुख्यतः त्या न सांगितलेल्या गोष्टीसाठी आहे.

पाटी आणि वही

पडद्यावर त्या क्षणी जे दिसत असते त्याचे जसेच्या तसे चित्र म्हणजे स्क्रीनशॉट. संगणकाने असे चित्र टिपले की ते दोनपैकी एका ठिकाणी जाते, क्वचित दोन्ही ठिकाणी जाते. पहिले ठिकाण म्हणजे क्लिपबोर्ड. हा संगणकाच्या स्मृतीतला तात्पुरता कोपरा आहे आणि तो लहानपणच्या पाटीसारखा वागतो. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. त्याचप्रमाणे आपण दुसरे काहीही कॉपी केले, मग तो एखादा शब्द का असेना, की आधीचे चित्र जाते. संगणक बंद केला तर सगळी पाटीच कोरी होते. दुसरे ठिकाण म्हणजे फाइल, आणि ती वहीसारखी असते. तिला नाव असते, ठरलेली जागा असते, आणि आपण मुद्दाम काढून टाकेपर्यंत ती तिथेच राहते.

पुढे सांगितलेली प्रत्येक पद्धत शिकताना एवढेच स्वतःला विचारावे, की हे चित्र पाटीवर गेले की वहीत गेले. पाटीवर गेले असेल तर काम अजून अर्धे बाकी आहे.

कळ शोधणे

विंडोजच्या संगणकावर प्रिंट स्क्रीनची कळ कीबोर्डच्या वरच्या ओळीत उजवीकडे, एफ १२ या कळीच्या आसपास असते. तिच्यावर पूर्ण नाव क्वचितच मावते, त्यामुळे पीआरटीएससी किंवा पीआरटीएससीएन अशी इंग्रजी अक्षरे छापलेली दिसतात. ‘प्रिंट’ हा शब्द पाहून पुष्कळांना वाटते, की ही कळ दाबल्यावर प्रिंटरमधून कागद बाहेर येईल, आणि हा समज अगदीच निराधार नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर या कळीचे काम तेच होते. पडद्यावरचा मजकूर ती थेट प्रिंटरकडे पाठवीत असे. विंडोज आल्यावर काम बदलले, नाव मात्र तेच राहिले.

लॅपटॉपवर जागा कमी असल्यामुळे एकाच कळीवर दोन कामे सोपवलेली असतात. प्रिंट स्क्रीनची अक्षरे कळीच्या खालच्या बाजूला किंवा वेगळ्या रंगात छापलेली असतील, तर डावीकडे खालच्या कोपऱ्यातील एफएन ही कळ दाबून धरून मग ती कळ दाबावी लागते. काही लहान लॅपटॉपवर ही कळ नसतेच. अशा वेळी विंडोजची कळ, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकत्र दाबल्या, की पडद्यावर एक चित्ररूप कीबोर्ड उघडतो आणि त्यात प्रिंट स्क्रीनची कळ माउसने दाबता येते. पण ज्यांच्याजवळ ही कळ नाही त्यांनी पुढे दिलेली दुसरी पद्धत वापरणे अधिक सोयीचे आहे, कारण तिला या कळीची गरजच पडत नाही.

टिपण्याआधी पडद्याकडे एकदा पाहावे

नवशिके घाईने कळ दाबतात आणि नंतर लक्षात येते, की जे हवे होते ते पानाच्या खालच्या भागात राहून गेले. पैसे भरल्याचे पान टिपायचे असेल, तर रक्कम, दिनांक, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक या चार गोष्टी पडद्यावर एकाच वेळी दिसत आहेत का, ते आधी पाहावे. यूपीआयने पैसे भरले असतील तर हा क्रमांक १२ अंकी असतो, आणि बँकेकडे चौकशी करायची वेळ आली तर सगळ्यात आधी तोच विचारला जातो. पान मोठे असेल तर कंट्रोल दाबून धरून वजाबाकीच्या चिन्हाची कळ एक-दोनदा दाबावी. अक्षरे थोडी लहान होतात आणि जास्त मजकूर पडद्यावर मावतो. चित्र काढून झाल्यावर कंट्रोल आणि शून्य दाबले की पान पुन्हा मूळ आकाराचे होते.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील संकेतस्थळाचा पत्ता आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील घड्याळही चित्रात आले तर फार चांगले. हे पान कुठले आणि केव्हाचे, या प्रश्नाचे उत्तर मग चित्रातच मिळते. याच नजरेने चित्रात काय येऊ नये तेही पाहून घ्यावे. शेजारी उघडा असलेला घरगुती संवाद, कोपऱ्यात उगवलेला संदेश, दुसऱ्या खिडकीतील बँकेची शिल्लक हे सगळे नकळत टिपले जाते.

पहिली पद्धत : संपूर्ण पडदा, थेट वहीत

ज्यांना एकच पद्धत लक्षात ठेवायची आहे त्यांनी ही ठेवावी. कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे, चार चौकोनांचे चिन्ह असलेली विंडोजची कळ दाबून धरावी आणि ती न सोडता प्रिंट स्क्रीन एकदा दाबावी. लॅपटॉपवर गरज असेल तर एफएनही सोबत धरावी. पडदा क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळतो, आणि तेवढी खूण पुरेशी असते. चित्र टिपले गेले आणि फाइल म्हणून साठवलेही गेले. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून ही सोय आहे.

आता ती फाइल डोळ्यांनी पाहावी, आणि ही पायरी मी माझ्या वर्गात कोणालाही गाळू देत नाही. विंडोजची कळ आणि ई एकत्र दाबली की फाइल एक्सप्लोरर उघडतो. त्याच्या डाव्या पट्टीत पिक्चर्स या नावाचा फोल्डर असतो, त्याच्या आत स्क्रीनशॉट्स नावाचा फोल्डर असतो आणि तिथे आपले चित्र असते. स्क्रीनशॉट हा शब्द आणि कंसात एक क्रमांक, असे त्याचे नाव संगणकाने स्वतःच ठेवलेले असते. त्यावर दोनदा क्लिक करून ते उघडावे आणि हवा तो मजकूर वाचता येतो का ते पाहावे. मगच मूळ पान बंद करावे. शुल्क भरल्याचे पान एकदा बंद झाले की पुष्कळदा पुन्हा उघडत नाही, म्हणून या क्रमाला महत्त्व आहे.

पिक्चर्समध्ये चित्र सापडले नाही तर घाबरून जाऊ नये. काही संगणकांवर पिक्चर्सचा फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीशी जोडलेला असतो, आणि मग चित्र वनड्राइव्हमधील पिक्चर्सच्या फोल्डरात जाऊन बसते. डाव्या पट्टीत निळ्या ढगाचे चिन्ह दिसते का ते पाहून तिथे शोधावे.

दुसरी पद्धत : पाहिजे तेवढाच भाग

रोजच्या वापरात संपूर्ण पडदा क्वचितच लागतो. पत्रिकेतला एक तक्ता, नकाशातला एक रस्ता, त्रुटीचा संदेश असलेली एक चौकट एवढेच हवे असते. त्यासाठी विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबाव्यात. पहिल्या दोन कळा डाव्या हाताने धरून ठेवाव्यात आणि मग एस दाबावी, म्हणजे तिन्ही एकाच क्षणी दाबण्याची कसरत करावी लागत नाही. पडदा मंद होतो आणि वरच्या बाजूला एक छोटी पट्टी येते. त्या पट्टीत आयताकृती भाग, मोकळ्या हाताने रेखाटलेला भाग, एखादी संपूर्ण खिडकी आणि संपूर्ण पडदा असे पर्याय असतात. आयताचा पर्याय निवडलेला असताना, हव्या त्या भागाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर माउसचे डावे बटण दाबून धरावे, ते तसेच धरून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढत न्यावे आणि तिथे सोडावे. सोडताक्षणी चित्र टिपले जाते. बेत बदलला तर एस्केप दाबून बाहेर पडता येते.

हे चित्र सगळ्यात आधी पाटीवर जाते. टिपल्यावर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्राची लहान प्रतिमा काही सेकंद दिसते. तिच्यावर क्लिक केले की ते मोठे होऊन स्निपिंग टूल या विंडोजच्या चित्र टिपण्याच्या प्रोग्राममध्ये उघडते (विंडोज १०मध्ये त्याचे नाव स्निप अँड स्केच असे आहे). तिथे कंट्रोल आणि एस दाबावे, जागा निवडावी, नाव लिहावे आणि सेव्ह या बटणावर क्लिक करावे. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्निपिंग टूल चित्राची एक प्रत आपोआप पिक्चर्समधील स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरातही ठेवते. विंडोज १०मध्ये मात्र तसे होत नाही. आपला संगणक कोणता, याची खात्री नसेल तर स्वतः सेव्ह करण्याची सवय ठेवावी. त्यात नुकसान काहीच नाही.

कोपऱ्यातली प्रतिमा पाहता पाहता नाहीशी झाली, ही तक्रार मला वर्गात दर आठवड्याला ऐकू येते. ती नाहीशी झाली तरी चित्र पाटीवर शाबूत असते. दुसरे काही कॉपी न करता पेंट हा प्रोग्राम उघडावा, कंट्रोल आणि व्ही दाबावे, म्हणजे ते तिथे उमटते. मध्ये दुसरे काही कॉपी केले गेले असेल तरीही एक आशा राहते. विंडोजची कळ आणि व्ही दाबल्यावर क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो, आणि त्यात शेवटच्या २५ गोष्टी राहतात. मात्र ही सोय आधी एकदा सुरू करून ठेवावी लागते, आणि संगणक पुन्हा सुरू केला की पिनने टाचून ठेवलेल्या नोंदी सोडून बाकीचा इतिहास पुसला जातो. म्हणून हा लेख वाचून झाल्यावर आजच विंडोज आणि व्ही दाबून पाहावे, आणि ‘टर्न ऑन’ असे बटण दिसले तर ते दाबून ठेवावे.

तिसरी पद्धत : जुनी, पण अजून कामाची

शाळांमध्ये आणि लहान कार्यालयांमध्ये अजूनही विंडोज ७ चालणारे संगणक आढळतात, आणि तिथे वरच्या दोन्ही पद्धती चालत नाहीत. त्यामुळे सगळ्यांत जुना मार्गही माहीत असलेला बरा. नुसती प्रिंट स्क्रीन दाबली की संपूर्ण पडद्याचे चित्र पाटीवर जाते आणि बाहेरून काहीही घडल्याचे दिसत नाही. अल्ट दाबून धरून प्रिंट स्क्रीन दाबली, तर सध्या ज्या खिडकीत काम चालू आहे तेवढीच टिपली जाते. त्यानंतर स्टार्टच्या यादीतून पेंट उघडावे, कंट्रोल आणि व्ही दाबून चित्र त्यात उतरवावे, नको असलेला भाग क्रॉपच्या साधनाने छाटावा आणि कंट्रोल व एस दाबून नाव देऊन साठवावे. सुरुवातीला सांगितलेल्या ताईंची फक्त ही उत्तरार्धातली कामे राहून गेली होती.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसती प्रिंट स्क्रीन दाबली, तर चित्र थेट पाटीवर न जाता स्निपिंग टूलची ती छोटी पट्टीच उघडते. जुन्या सवयीच्या माणसाला हा बिघाड वाटतो, पण तो बिघाड नव्हे. ज्यांना जुनी रीत हवी आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात कीबोर्ड या ठिकाणी जाऊन, प्रिंट स्क्रीनने स्क्रीन कॅप्चर उघडण्याचा पर्याय बंद करावा.

कळ दाबताच नाहीशा होणाऱ्या गोष्टी

उजव्या क्लिकने उघडणारी यादी किंवा माउस नेल्यावर दिसणारी सूचना टिपायला गेलो की नेमकी ती मिटते. यासाठी स्निपिंग टूल हा प्रोग्राम स्टार्टमधून उघडून त्यातील घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करावे आणि ३, ५ किंवा १० सेकंदांचा विलंब निवडावा. मग न्यू दाबून, मिळालेल्या वेळात ती यादी उघडून स्वस्थ राहावे. वेळ संपली की पडदा गोठल्यासारखा होतो आणि भाग निवडता येतो. पैसे देऊन पाहण्याच्या काही चित्रपटसेवांवर मात्र कितीही प्रयत्न केला तरी चित्राच्या जागी काळा चौकोनच येतो, कारण ते चलच्चित्र टिपता येऊ नये अशी व्यवस्था तिथे जाणूनबुजून केलेली असते.

नाव, जागा आणि प्रकार

स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरात कंसातल्या क्रमांकांची दोनशे चित्रे जमली, की हवे ते चित्र शोधणे हेच एक काम होऊन बसते. म्हणून महत्त्वाच्या चित्राला त्याच दिवशी नाव द्यावे. चित्रावर एकदा क्लिक करून एफ २ दाबले की नाव बदलता येते. विंडोजमध्ये देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ‘वीजबिल पावती’ असे सरळ मराठीत लिहिण्यास हरकत नाही. मात्र नावात तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि मोठे-लहानची कोनचिन्हे चालत नाहीत. आपण दिनांक लिहिताना तिरकी रेघ देतो, ती इथे नाकारली जाते, म्हणून आडवी रेघ वापरावी. दिनांकात वर्ष आधी, मग महिना आणि शेवटी दिवस असा क्रम ठेवला, जसे की २०२५-०६-१२, तर सगळी चित्रे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ऑनलाइन अर्जासोबत चढवायची फाइल असेल तर मात्र तिचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावे, कारण काही संकेतस्थळे इतर नावे स्वीकारत नाहीत.

सेव्ह करताना चित्राचा प्रकारही निवडता येतो आणि नवशिक्याने पीएनजी हाच प्रकार ठेवावा. जेपीजी हा प्रकार छायाचित्रांसाठी उत्तम आहे. फाइलचा आकार लहान व्हावा म्हणून तो चित्रातला बारीक तपशील थोडाथोडा टाकून देतो. फुलाच्या किंवा चेहऱ्याच्या छायाचित्रात ते कळतही नाही, पण अक्षरांच्या कडा त्यामुळे धुरकट होतात. आपल्या लिपीत तर हे अधिक जाणवते. अनुस्वाराचे टिंब, रफार, रुकार आणि जोडाक्षरातली अर्धी अक्षरे इतकी बारीक असतात, की जेपीजी दोन-तीनदा उघडून पुन्हा पुन्हा साठवली तर आडनावातला अनुस्वार होता की नव्हता, हे सांगता येत नाही. पीएनजीमध्ये एक ठिपकाही गमावला जात नाही. एखाद्या अर्जात जेपीजीच मागितली असेल, तर मूळ पीएनजी तशीच राहू द्यावी, ती पेंटमध्ये उघडून फाइलमधील सेव्ह ॲझ या पर्यायातून जेपीजीची वेगळी प्रत काढावी, आणि आकाराची मर्यादा ओलांडत असेल तर रिसाइजच्या साधनाने त्या प्रतीची लांबी-रुंदी कमी करावी.

झाकायचे ते खरोखर झाकावे

स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवायचा असेल तर आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि मुलांची नावे झाकली पाहिजेत, आणि याबाबत मी वर्गात जरा कडकच वागतो. स्निपिंग टूलमधील हायलाइटर अर्धपारदर्शक असतो. त्याने गडद पट्टा ओढला तरी खालचे अंक चित्राची उजळता वाढवून वाचता येऊ शकतात. पेंटमध्ये आयताचा आकार घेऊन, त्यात आतून घट्ट काळा रंग भरून तो अंकांवर ठेवावा आणि पीएनजी म्हणून साठवावे. मग खालचे ठिपके उरतच नाहीत. वर्डच्या पानात चित्र चिकटवून त्यावर काळी चौकट ठेवली, तर ती फाइल ज्याच्या हाती जाईल तो चौकट बाजूला सरकवून सगळे पाहू शकतो. वर्डमध्ये छाटलेला भागही नेहमी फाइलमधून जातोच असे नाही. तो वेगळा पर्याय निवडून काढावा लागतो.

मार्च २०२३मध्ये तर विंडोजच्याच साधनात असा दोष असल्याचे उघड झाले. विंडोज ११चे स्निपिंग टूल आणि विंडोज १०चे स्निप अँड स्केच यांत साठवलेले चित्र उघडून, छाटून त्याच फाइलवर पुन्हा साठवले, तर छाटलेल्या भागाचा काही अंश फाइलमध्ये तसाच राहत होता आणि जाणकाराला तो परत मिळवता येत होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती पुरवली. ज्यांनी त्याआधी छाटलेली कागदपत्रे कोणाला पाठवली असतील, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुढेही, खाजगी मजकूर असलेल्या चित्राची छाटलेली प्रत नव्या नावाने साठवणे अधिक सुरक्षित आहे.

पडद्यात न मावणारे पान

लांबलचक पानाचे सात-आठ तुकडे टिपण्यापेक्षा ब्राउझरची मदत घ्यावी. फायरफॉक्स आणि एज या दोन्ही ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबले की चित्र टिपण्याचे साधन उघडते, आणि त्यात संपूर्ण पान घेण्याचा पर्याय असतो. त्याहून सोपा मार्ग सगळ्याच ब्राउझरमध्ये आहे. कंट्रोल आणि पी दाबून छपाईची चौकट उघडावी, प्रिंटरच्या नावाऐवजी ‘सेव्ह ॲझ पीडीएफ’ निवडावे आणि फाइल साठवावी. पावत्या, निकाल आणि प्रवेशपत्रे यांसाठी मी नेहमी हाच मार्ग सुचवतो, कारण त्यातला मजकूर बहुधा अक्षरांच्याच रूपात राहतो, शोधता येतो आणि कागदावर स्वच्छ छापला जातो. पान रंगीत चौकटींचे असेल तर छपाईत त्याची मांडणी बदलू शकते. तेव्हा पीडीएफसोबत एक स्क्रीनशॉटही घेऊन ठेवावा.

विंडोज नसलेल्या संगणकांवर

ॲपलच्या मॅकवर प्रिंट स्क्रीनची कळ नसते. तिथे कमांड, शिफ्ट आणि ३ या कळांनी संपूर्ण पडदा टिपला जातो, आणि कमांड, शिफ्ट व ४ या कळांनी निवडलेला भाग. भाग निवडण्याआधी स्पेसबार दाबला तर एखादी संपूर्ण खिडकी टिपता येते. २०१८ सालच्या मोहावे या आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ दाबल्यावर सगळ्या पर्यायांची पट्टी येते आणि चित्र कुठे साठवायचे तेही तिथेच ठरवता येते. मॅक आपणहून चित्र डेस्कटॉपवर फाइल म्हणून ठेवतो, म्हणजे वहीत लिहितो. याच कळांसोबत कंट्रोल धरले तर ते पाटीवर जाते.

उबुंटू या लिनक्सवर चालणाऱ्या प्रणालीच्या २२.०४ व त्यापुढच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबली की भाग, पडदा किंवा खिडकी निवडण्याची चौकट येते, आणि चित्र पिक्चर्समधील स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरात जाते. क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, कंट्रोल धरून, वरच्या ओळीतील एकामागे एक खिडक्यांचे चिन्ह असलेली कळ दाबावी.

पाठवताना आणि पुरावा म्हणून वापरताना

व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीसारखे पाठवले तर त्याचा दर्जा कमी होतो आणि बारीक अक्षरे पुसट होतात. कागदपत्राचे चित्र पाठवताना जोडणीच्या यादीतून डॉक्युमेंट हा पर्याय घ्यावा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर आधी १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा; पहिल्या काही तासांना तिथे फार किंमत असते. संवाद, पैशांचे संदेश आणि संकेतस्थळाचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावेत, त्यांवर काहीही खुणा करू नयेत, आणि मूळ संवाद मुळीच पुसू नये. न्यायालयात नुसते चित्र पुरेसे ठरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्येही तशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. तेव्हा चित्र घरच्या फोल्डरात जपून ठेवावे, आणि पुढचे वकिलाला विचारून करावे.

सातबारा उताऱ्याचेही असेच आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या उताऱ्याचा स्क्रीनशॉट आपल्या माहितीसाठी ठीक असतो, परंतु बँकेत किंवा कार्यालयात तो देता येत नाही. तिथे शुल्क भरून मिळणारी डिजिटल स्वाक्षरीची प्रतच उतरवून घ्यावी.

दुसऱ्याच्या संगणकावर काम केले असेल तर

सायबर कॅफे, ग्रंथालय किंवा मित्राचे दुकान अशा ठिकाणी स्क्रीनशॉट काढला, तर उठण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. चित्र स्वतःच्या ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावे आणि ते तिथून उघडते का ते पाहावे. मग स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरातील आपली फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबावे. नुसते डिलीट दाबले तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते आणि पुढचा माणूस ती उचलू शकतो. शेवटी विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास उघडावा, त्यातील सगळे पुसण्याचा पर्याय निवडावा, आणि ती सोय तिथे बंद असेल तर एखादा साधा शब्द कॉपी करावा, म्हणजे पाटीवरचे आपले चित्र त्याखाली पुसले जाते.